बदामीच्या तळ्याकाठी एक दिवस

बदामी म्हटलं की आपल्या भागातल्या माणसाला शाळेची सहल आठवते. पहाटे चारला सुटलेली लाल बस, डब्यातल्या दशम्या, नऊला बदामीची लेणी, अकराला महाकूट, दुपारी पट्टदकल, उन्हं कलताना ऐहोळे आणि अंधार पडता पडता कूडलसंगम. एका दिवसात पाच गावं आणि दोनशे वर्षांचा इतिहास. रात्री घरी आल्यावर पायातले गोळे आठवतात, राजे आठवत नाहीत. मोठेपणी घरी पाहुणे आले की आपणही त्यांना तसंच पळवत नेतो.

या पळापळीत बदामीतली एक गोष्ट बघायची राहून जाते, ती म्हणजे तिथलं तळं. तसं ते दिसत नाही असं होत नाही. लेण्यांच्या पायऱ्या चढताना ते खाली पसरलेलंच असतं, फोटोत मागे येतंही. पण त्याच्या काठाने चालत पलीकडे जावं, घटकाभर पायरीवर बसावं, एवढी सवड कुणाला नसते.

या तळ्याचं नाव अगस्त्यतीर्थ. तांबड्या वालुकाश्माच्या दोन डोंगरांच्या मध्ये ते वसलेलं आहे. दक्षिणेच्या डोंगरात चार लेणी, उत्तरेच्या डोंगरावर किल्ला आणि शिवालयं, पूर्वेच्या टोकाला भूतनाथाचं देऊळ आणि पश्चिमेला बांधाला टेकून गाव. डोंगरांवरून उतरणारं पावसाचं पाणी बांध घालून अडवलेलं आहे. दोन्ही बाजूंना कडे आणि मध्ये पाणी, अशी जागा चालुक्यांनी राजधानीसाठी का निवडली, हे काठावर उभं राहिल्यावर कुणी सांगावं लागत नाही. पहिल्या पुलकेशीचा शक ४६५, म्हणजे इ.स. ५४३ चा लेख उत्तरेच्या कड्यावर आहे. वातापीचा हा डोंगर त्याने अजिंक्य किल्ला केला, अशी त्यात नोंद आहे.

फक्त दोघं

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही दोघं बदामीला गेलो. लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण दोघांनीच मिळून कुठे जाणं झालं नव्हतं. आधी मुलगा लहान, मग त्याची दहावी-बारावी, मग सासूबाईंचं अंथरूण. आता मुलगा नोकरीसाठी पुण्यात आणि सासूबाईंना जाऊन सव्वा वर्ष झालेलं. घर एवढं शांत की कुकरची शिट्टीसुद्धा दचकवते.

आमचं घर या पानाच्या बऱ्याच वाचकांच्या घरासारखंच. माझं माहेर बेळगावात, मराठी. यांचं गाव सौंदत्ती तालुक्यात, घरात कन्नड. आम्ही एकमेकांशी मराठीत बोलतो, भांडताना मात्र हे कन्नडमध्ये शिरतात. सासूबाईंना आम्ही सगळे अव्वा म्हणायचो. त्यांना मराठी समजायचं, बोलायच्या कन्नडच. मी मराठीत विचारायचं, त्यांनी कन्नडमध्ये उत्तर द्यायचं, असा वीसेक वर्षांचा संसार झाला आणि कधी अडलं नाही. मुलगा इंग्रजी माध्यमात शिकला. त्याला दोन्ही भाषा बोलता येतात, पण कन्नड वाचता येत नाही आणि मराठी वाचताना तो अडखळतो. दोन भाषांच्या घरातल्या मुलाला दोन्ही लिपी परक्या, ही गोष्ट मला जास्त टोचते की यांना, ते सांगणं कठीण आहे.

अव्वा गेल्यापासून हे फार बोलत नव्हते. सुट्टी लागल्यावर मीच म्हटलं, "चला, बदामीला जाऊ. पट्टदकल नाही, ऐहोळे नाही. दिवसभर तळ्याकाठी."

"दिवसभर तळ्याकाठी काय करायचं?"

"काही नाही करायचं."

यरगट्टी, रामदुर्ग करत आम्ही निघालो. रामदुर्गला मलप्रभा भेटते. ही नदी आपल्या खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला उगम पावते. तिथे तिच्या काठी मराठी बोलली जाते, इथे कन्नड. पुढे ती पट्टदकल आणि ऐहोळे यांच्या अंगणातून जाऊन कूडलसंगमाला कृष्णेत मिळते. चालुक्यांची सगळी शिल्पं ज्या पाण्याच्या शेजारी उभी राहिली, ते पाणी आपल्या जंगलातून निघालेलं आहे.

धुण्याचा आवाज

आठ वाजता तळ्यावर पोचलो. ऊन नुकतंच कड्यांवरून खाली सरकत होतं. पावसाळा नुकताच सरल्यामुळे तळं काठोकाठ भरलेलं. पाण्याचा रंग शेवाळी हिरवा, त्यात तांबड्या कड्याची सावली.

पहिल्यांदा कानावर आला तो धुण्याचा आवाज. पायऱ्यांवर बायका ओळीने धुणी धूत होत्या. दगडावर कपडा आपटला की आवाज समोरच्या कड्यावर जाऊन परत येतो. त्यामुळे पाचसहा बायका धूत असल्या तरी पन्नास जणी असल्यासारखं वाटतं. ज्याला प्राचीन स्मारक म्हणून पाटी लावलेली आहे, ते गावाच्या रोजच्या वापरातलं पाणी आहे. पुस्तकात वाचलेलं तळं आणि हे तळं यांत हाच फरक.

एका बाईंनी पिळा झटकत विचारलं, "याव ऊर्री?"

"बेळगाव री, अक्का," मी म्हटलं.

माझ्या कन्नडवरून त्यांनी ओळखलंच असावं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, त्यांची धाकटी जाऊ निपाणीची, तीही असंच बोलते. मग विचारलं, मुलं किती, कुठे असतात, घरी कोण आहे. घरी कुणी नाही, हे सांगताना यांनी मान दुसरीकडे वळवली. अक्कांनी ते पाहिलं असावं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. पलीकडच्या टोकाकडे बोट दाखवून सांगितलं, चांगला पाऊस झाला की तिथल्या कड्यावरून दोन धारा कोसळतात, त्यांना अक्का-तंगी म्हणतात. थोरली बहीण आणि धाकटी बहीण. आम्ही गेलो तेव्हा कड्यावर दोन ओल्या रेघा तेवढ्या दिसत होत्या.

तळ्याच्या नावाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. इल्वल आणि वातापी हे दोन राक्षस भाऊ. वातापी बकरा व्हायचा, इल्वल त्याला शिजवून ब्राह्मणाला वाढायचा आणि जेवण झालं की हाक मारायचा. भाऊ पोट फाडून बाहेर यायचा. अगस्ती ऋषींनी मात्र त्याला जिरवूनच टाकला. वातापी हे बदामीचं जुनं नाव, म्हणून तळं अगस्तीचं. जेवल्यावर पोटावरून हात फिरवत अगस्तीचं नाव घ्यायची रीत माझ्या आजोळी होती. अव्वाही नातवाला खीर भरवून झाली की तसंच करायच्या.

दगडाचं घर

ऊन चढण्याआधी लेणी पाहून घ्यावीत म्हणून दक्षिणेच्या डोंगराकडे वळलो. पहिलं लेणं शिवाचं. दाराशीच अठरा हातांचा नटराज आहे. सगळे त्याच्यापुढे थांबतात, थांबावंच असा आहे तो. पण त्याच लेण्यात दुसऱ्या बाजूच्या द्वारपालाच्या पायाशी एक लहानसं शिल्प आहे, तेही शोधा. दोन जनावरं आणि दोघांत मिळून डोकं एकच. एक बाजू झाकली तर हत्ती दिसतो, दुसरी झाकली तर बैल. आत गेलात की अर्धनारीश्वर आणि हरिहर आहेत. म्हणजे या एका लेण्यात अर्ध्या-अर्ध्याच्या तीन जोड्या झाल्या. हे म्हणाले, "आपल्या घरासारखं आहे." बऱ्याच दिवसांनी त्यांनी केलेली ही पहिली थट्टा.

दुसऱ्या लेण्यात त्रिविक्रम आणि वराह आहेत. तिसरं लेणं सगळ्यांत मोठं. शेषाच्या वेटोळ्यावर आरामात बसलेला विष्णू मी मुलांना दरवर्षी चित्रात दाखवते. प्रत्यक्षात त्याच्यापुढे उभं राहिलं की आपण त्याच्या बैठकीत आगंतुक आल्यासारखं वाटतं. मान वर करून पाहिलंत तर खांबांच्या माथ्यावर, छताला आधार देणाऱ्या तिरक्या दगडांवर, जोडपी कोरलेली दिसतील. झाडाखाली उभी असलेली, एकमेकांना टेकलेली. देव नाहीत, राजे नाहीत, नुसती माणसं. "चौदाशे वर्षं उभी आहेत, पाय कसे दुखत नाहीत?" हे म्हणाले आणि स्वतः ओट्यावर बसले.

या लेण्यात मंगलेशाचा संस्कृत लेख आहे. शक ५००, कार्तिकी पौर्णिमा, म्हणजे इ.स. ५७८. प्राचीन लेणी कधीची, हे बहुतेक वेळा अंदाजाने सांगावं लागतं. इथे तिथीसकट लिहून ठेवलेलं आहे, म्हणून अभ्यासकांना या लेण्याचं एवढं अप्रूप. मंगलेशाचा थोरला भाऊ कीर्तिवर्मा तेव्हा राजा होता. लेणं खोदण्याचं पुण्य धाकट्याने थोरल्याच्या पदरात टाकलं, असं लेख सांगतो. पुढची गोष्ट ऐहोळ्याच्या लेखात आहे. भाऊ गेल्यावर मंगलेश गादीवर बसला, आपल्या मुलाला राज्य मिळावं म्हणून पुतण्याशी झगडला आणि त्यात राज्यही गेलं, जीवही गेला. तो पुतण्या म्हणजे हर्षवर्धनाला नर्मदेवर अडवणारा दुसरा पुलकेशी. भाऊबंदकी राजवाड्यातही चुकत नाही.

मंगलेशाचा आणखी एक छोटा लेख इथे आहे, तो जुन्या कन्नडमध्ये. या लेण्याला एक गाव दान दिल्याचा. त्यात लेण्याला जो शब्द वापरला आहे तो आहे 'कल्मने'. मी तो यांना वाचून दाखवला, कारण माझ्याजवळ टिपण होतं. हे पटकन म्हणाले, "कल्लु, मने. दगडाचं घर." चौदाशे वर्षांपूर्वीचा शब्द, आणि अर्थ सांगायला कोश लागला नाही. संस्कृत लेखातलं लेणं भव्य विष्णुगृह आहे. कन्नड लेखातलं नुसतं दगडाचं घर. मला दुसरं जास्त जवळचं वाटलं.

चौथं लेणं जैनांचं. बाहुबली, पार्श्वनाथ, महावीर. बाहुबलीच्या अंगावर वेली चढलेल्या आहेत. तिथून तळं सगळ्यांत चांगलं दिसतं, म्हणून आम्ही तिथे बराच वेळ रेंगाळलो. खाली धुण्याचा आवाज चालूच होता.

चालुक्य कुणाचे?

आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये वर्षातून एकदा तरी हा वाद निघतो. कुणी म्हणतं पुलकेशी महाराष्ट्राचा राजा, कुणी म्हणतं कन्नडिगांचा. दोन्ही बाजूंना पुरावे आहेत, म्हणूनच वाद मिटत नाही. ऐहोळ्याच्या मेगुती देवळावर रविकीर्ती या कवीने इ.स. ६३४ मध्ये लिहिलेला प्रसिद्ध लेख आहे. त्यात पुलकेशी नव्याण्णव हजार गावं असलेल्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी झाला, असं म्हटलंय. चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग नंतर थोड्याच वर्षांनी इथे आला, त्यानेही या राज्याला महाराष्ट्रच म्हटलं. झालं, एका बाजूचा आवाज चढतो.

मग दुसरी बाजू सामानगडचा ताम्रपट काढते. सामानगड म्हणजे आपला गडहिंग्लजजवळचा. राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा तो ताम्रपट आठव्या शतकातला. दंतिदुर्गाने चालुक्यांचा पाडाव केला, त्याचं वर्णन त्यात आहे; आणि त्या हरलेल्या सैन्याला तो म्हणतो कर्नाटकाचं सैन्य. म्हणजे आज कर्नाटकात असलेला शिलालेख महाराष्ट्राचं नाव घेतो आणि आज महाराष्ट्रात असलेल्या गडावर सापडलेला ताम्रपट कर्नाटकाचं. मी दरवर्षी वर्गात हे दोन्ही लेख शेजारी-शेजारी लिहिते. मुलांना गंमत वाटते.

सौंदत्ती तालुक्यातल्या गुर्लहोसूरचे शं. बा. जोशी हे कन्नडमधले मोठे पंडित. त्यांनी 'मऱ्हाटी संस्कृती' हे पुस्तक मराठीत लिहिलं आणि या दोन भाषांची मुळं किती गुंतलेली आहेत, ते मांडलं. त्यांच्या सगळ्या व्युत्पत्ती पटतातच असं नाही. पण दोन्ही भाषा आतून जाणणाऱ्या माणसालाच असं पुस्तक लिहिता येतं, एवढं नक्की. बदामीचा हा मुलूख तर १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता, पुढे विजापूर जिल्ह्यात राहिला आणि १९९७ पासून बागलकोट जिल्ह्यात आहे. सरहद्दी बदलल्या, तळं होतं तिथेच आहे.

खानावळ

दुपारी जेवायला बसस्टँडजवळच्या एका खानावळीत गेलो. पाटीवर कन्नडमध्ये 'खानावळी' असंच लिहिलेलं. हा शब्द तुमचा की आमचा, यावर आम्ही वाद घातला नाही, भूक लागली होती.

ताटात ज्वारीची भाकरी, एण्णेगायी म्हणजे आपली भरली वांगी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, गुरेळ्ळाची म्हणजे कारळ्याची चटणी, कच्चा कांदा आणि वाटीभर दही. भाकरीवर वाढणाऱ्याने तूप घातलं आणि "तुप्पा हाकली?" असं घातल्यावर विचारलं. माझ्या माहेरी रविवारी हाच बेत असायचा. नावं बदलली की पदार्थ वेगळा होतो, असं लग्नाआधी मला वाटायचं. अव्वांनी पहिल्या आठवड्यात वांगी केली आणि तो समज गेला.

हे दोन घास जास्त जेवले. कारळ्याची चटणी परत मागून घेतली. ती चटणी अव्वा उखळीत कुटायच्या, मिक्सरला हात लावू द्यायच्या नाहीत. यांनी तसं बोलून दाखवलं नाही, पण दोघांनाही तेच आठवलं.

पलीकडचा काठ

जेवणानंतर उत्तरेच्या काठाने निघालो. पुरातत्त्व खात्याचं छोटं संग्रहालय याच काठावर आहे. तिथली लज्जागौरी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. मस्तकाच्या जागी कमळ असलेली ही मातृदेवता. मराठीत रा. चिं. ढेरे यांनी तिच्यावर याच नावाचं पुस्तक लिहिलं आणि महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र अशा सगळ्या दख्खनभर तिचा माग काढला. ज्या बाईला मूल हवं, तिने या देवीपुढे उभं राहायचं, ही श्रद्धा भाषा पाहून बदलत नाही.

संग्रहालयाच्या जवळून कड्यांच्या फटीतून वर जाणारी वाट किल्ल्याकडे आणि वरच्या शिवालयाकडे जाते. गुडघे चांगले असतील तर जरूर चढा. आमचे तसे नव्हते. आम्ही काठ धरून भूतनाथाकडे गेलो.

भूतनाथाचं देऊळ पाण्याला अगदी लागून आहे. पाणी भरलेलं असलं की देऊळ तरंगतंय असं वाटतं. आतला भाग बदामीच्या चालुक्यांच्या काळातला, पुढचा मोकळा मंडप नंतरच्या कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातला. कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. ते स्वतःला बदामीच्या घराण्याचे वंशज म्हणवत. आम्ही मंडपाच्या कडेला बसलो. चारच्या सुमारास ऊन पश्चिमेकडून आलं आणि मागचा कडा पेटल्यासारखा तांबडा झाला. सकाळी लेणी आणि संध्याकाळी भूतनाथ, हा क्रम कुणी बदलू नये.

आम्हाला अजून एक गोष्ट बघायची होती. तळ्याच्या ईशान्य टोकाला कड्यावर कप्पे अरभट्टाचा लेख आहे. कन्नड शाळेत शिकलेल्यांना हे नाव पाठ्यपुस्तकातून माहीत असतं, यांनाही होतं. "कप्पे म्हणजे बेडूक. मास्तरांनी शिकवलं तेव्हा आम्ही वर्गात डराव डराव केलं होतं," एवढी यांची आठवण. खडकावर वर्तुळात कमळ कोरलेलं आहे आणि लेखाच्या ओळी आहेत. साधारण इ.स. ७०० चा हा लेख. सगळ्या मिळून दहा ओळी, पाच कडवी. एक संस्कृत, बाकी कन्नड. त्यात दानपत्र नाही, युद्ध नाही, राजाची वंशावळ नाही. कप्पे अरभट्ट नावाच्या एका वीराचा स्वभाव तेवढा सांगितला आहे: भल्याशी भला, गोडाशी गोड, आणि वाईटाला मात्र न सोडणारा. माणूस कसा होता, एवढंच.

आणि या लेखातली तीन कडवी त्रिपदी छंदात आहेत. कन्नडमधली त्रिपदी इतकी जुनी दुसरीकडे कुठे मिळालेली नाही.

त्रिपदी म्हणजे तीन ओळींचं कडवं. सर्वज्ञाची वचनं याच छंदातली. आणि उत्तर कर्नाटकात बायका जात्यावर दळताना जी गाणी म्हणतात, ती त्रिपदीतच. गाणारी बाई दुसरी ओळ पुन्हा घोळवते, तेवढ्यात जात्याचा फेरा पुरा होतो, मग तिसरी ओळ येते. अव्वांकडे अशी गाणी किती होती, कुणी मोजलं नाही. जातं घरातून गेल्यावरही त्या म्हणायच्या. तांदूळ निवडताना, नातवाला झोपवताना, शेवटी शेवटी तर नुसत्याच भिंतीकडे बघत. त्यांच्या आवाजाचं मुद्रण कुणाकडेच नाही.

माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. ओवीबद्दलची एक जुनी नोंद आहे, ती मला फार आवडते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने काय खावं, कसं नहावं, हत्ती कसे पारखावे, गाणं कोणतं ऐकावं, असं सगळं त्यात आहे. त्यात तो सांगतो, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात. कन्नड मुलखातल्या राजाने संस्कृत ग्रंथात मराठी बायकांच्या ओवीची दखल घेतली, ज्ञानेश्वरीच्या दीडशे वर्षांहूनही आधी. ज्या मंडपात आम्ही मघाशी बसलो होतो, त्याच काळातला हा राजा.

मी हे सगळं यांना सांगत होते. हे ऐकत होते की नाही कळेना. नजर त्या कमळावर. लेखाची लिपी आजच्या कन्नडसारखी नाही, त्यामुळे एखादं अक्षर सोडलं तर वाचता येत नव्हतं. यांनी एका पुस्तकातून पाठ उतरवून आणला होता. तो काढून त्यांनी पहिल्यांदा नुसता वाचला, शाळेत वाचतात तसा. मग थांबले. मग तिसरं कडवं अव्वांच्या चालीवर म्हणून पाहिलं.

ते बसलं. दुसरी ओळ घोळवायची ती जागा तिथेच आली, तिसरी ओळ जिथे उतरायची तिथेच उतरली. तेराशे वर्षांपूर्वी खडकावर कोरलेला छंद अव्वांच्या जात्याच्या चालीत म्हणता येत होता. हे पुन्हा म्हणायला लागले, आणि त्या पाठोपाठ अव्वांचं एक गाणं, मग आणखी एक. आवाज कड्यावरून परत येत होता. गुरं घेऊन चाललेला एक म्हातारा थोडा वेळ थांबला आणि काही न बोलता पुढे गेला.

मी मोबाइलवर मुद्रण केलं आणि मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. खडकाचा फोटोही. तो ऑफिसात असेल, रात्री बघेल, असं धरून चाललो होतो. दहा मिनिटांत त्याचा आवाज आला. आधी विचारलं, "त्या दगडावर काय लिहिलंय? मला नाही वाचता येत." मग म्हणाला, "पप्पा, अज्जीच्या गाण्यातली शेवटची ओळ चुकली तुमची." आणि त्याने ती ओळ म्हणून दाखवली, चालीसकट.

ती बरोबर होती. झोपवताना रोज ऐकलेली. यांनी तो निरोप चार वेळा ऐकला. मग चष्मा पुसत म्हणाले, "ह्याला येतंय की."

जायचं असेल तर

बेळगावहून बदामी साधारण दीडशे किलोमीटर. हुबळी-गदग-सोलापूर रेल्वेमार्गावर बदामी स्टेशन आहे. ते गावापासून पाचेक किलोमीटर लांब, तिथून रिक्षा मिळते. सोलापूरकडच्या नातेवाइकांना रेल्वे सोयीची. उन्हाळ्यात जाऊ नका, खडक तापतो आणि पाणी उतरतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. अक्का-तंगीच्या धारा बघायच्या तर पावसाळ्याच्या शेवटी, चांगला पाऊस झाल्याची चौकशी करूनच जा. माकडांपासून सावध राहा, हातात पिशवी दिसली की ती जवळ येतात. खाणं गाडीतच ठेवा. बनशंकरीचं देऊळ गावापासून पाच किलोमीटरवर आहे. दोन्ही भाषांतल्या कितीतरी घरांची ती कुलदेवता, तेव्हा दर्शनाला जाल तेव्हा तळ्यासाठी अर्धा दिवस हाताशी ठेवा. पट्टदकल आणि ऐहोळे वेगळ्या दिवशी करा. १९८७ पासून जागतिक वारसा असलेल्या पट्टदकलला घाईत उरकणं बरं नव्हे.

आणखी एक सांगते. घरात जात्यावरची गाणी येणारी कुणी म्हातारी असेल, आजी असो की अज्जी, तर तिला सोबत न्या. नेणं जमत नसेल तर निघण्याआधी तिच्याकडून एक ओवी, एक त्रिपदी म्हणवून घ्या आणि मुलांना ऐकवा. लिहून घेणार असाल तर कुठल्याही लिपीत घ्या. आम्ही परत आल्यावर यांनी आठवतील तेवढी गाणी वहीत उतरवायला घेतली आहेत, डाव्या पानावर कन्नड लिपीत, उजव्या पानावर देवनागरीत. मुलगा सुट्टीला आला की अडखळत का होईना, उजवं पान वाचतो. डाव्या पानावरची अक्षरं त्याने यांना एकेक करून विचारायला सुरुवात केली आहे.